भुतांची बाजू

कोकणातल्या जुन्या माणसांना भुतांची उजळणी तोंडपाठ असते. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अळवंतीण. पैशाअडक्यात जीव गुंतलेला आणि मागे पाणी द्यायला कुणी नाही, तो समंध. ही उजळणी नीट ऐकली तर लक्षात येतं, की भूत ओळखायचं ते त्याचं काय राहून गेलं यावरून. सुळे, नखं, उलटे पाय हे सगळं नंतरचं. आधी येते ती तक्रार.

या पुस्तकातले भयपट निवडताना मी हाच धागा धरला आहे. भारतीय सिनेमात भीतीचे चित्रपट थोडे नाहीत. पण ज्यांत भूत काहीतरी मागायला आलेलं असतं आणि त्याला द्यायला जिवंत माणसांकडे उत्तर नसतं, असे चित्रपट वेगळे काढले की एक मोठी, सलग परंपरा दिसू लागते. तिच्यातले बरेचसे चित्रपट आपल्या पाहण्यातून निसटले आहेत. काही भाषेच्या कुंपणापलीकडे राहिले. काही चुकीच्या फडताळात ठेवले गेले. सत्यजित राय यांची भूतकथा कलात्मक म्हणून फिल्म सोसायट्यांमध्ये गेली, मणि कौल यांची समांतर सिनेमात जमा झाली, ‘गहराई’ची ओळख ‘एक्झॉर्सिस्ट’च्या वळणाचा सिनेमा एवढीच उरली, आणि रामसे बंधूंना समीक्षेने बराच काळ उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. भयपटांची आवड असलेला प्रेक्षक रायांकडे वळला नाही आणि रायांवर लिहिणारे रामसेंकडे वळले नाहीत. ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली आहेत, हे त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हिंदीतल्या भीतीच्या सिनेमाची सुरुवात बहुतेक जण ‘महल’पासून (१९४९) धरतात, आणि ते योग्यच आहे. कमाल अमरोहींचं हे दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल. निर्मिती बॉम्बे टॉकीजची, कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा, संकलन बिमल रॉय यांचं. मोठ्या वाड्यातला अंधार, झोपाळ्यावरची मधुबाला आणि कुठूनसा येणारा गाण्याचा आवाज. त्या गाण्याच्या सुरुवातीला आपल्याला मायक्रोफोनपासून लांब उभं केलं होतं आणि गात गात जवळ यायला सांगितलं होतं, अशी आठवण लताबाई सांगत. अंतर ऐकू येतं, म्हणून भीती वाटते. ध्वनीच्या एवढ्या साध्या युक्तीने खेमचंद प्रकाश यांनी जे साधलं, ते पुढच्या अनेक चित्रपटांना कर्कश वाद्यांच्या गदारोळातही साधलं नाही.

पण ‘महल’ने एक पायंडाही पाडला. शेवटी कळतं की भूत नव्हतंच. पुढे ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) याच वाटेने गेले. पांढरी साडी, धुकं, रात्रीचं गाणं, आणि अखेरीस पोलीस इन्स्पेक्टरने उलगडलेला कट. या चित्रपटांतली गाणी आणि छायाचित्रण मला अतिशय प्रिय आहे. तरी त्यांतला उलगडा प्रेक्षकाला फार स्वस्तात मोकळं करतो, असं मला वाटतं. कुणीतरी बनाव रचला होता, तो उघड झाला, आता घरी जा. अन्याय झाला होता की नाही, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

त्याच सुमारास बंगालीत मात्र तो प्रश्न उरत होता. तिथे भूतकथा हा साहित्यातला मानाचा प्रकार, रवींद्रनाथांनी स्वतः हाताळलेला. तपन सिन्हा यांनी १९६० मध्ये त्यांच्या कथेवर ‘क्षुधित पाषाण’ केला. सौमित्र चटर्जी नायक, संगीत उस्ताद अली अकबर खाँ यांचं. (हीच कथा तीन दशकांनी गुलजार यांच्या ‘लेकिन’मध्ये आली. निर्मिती लताबाईंची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, त्यामुळे आपल्याकडे ती गाण्यांमधून पोचली. मूळ बंगाली चित्रपट मात्र पोचला नाही.) १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांच्या तीन कथांवर ‘तीन कन्या’ केला. मधली कथा ‘मोनिहारा’. परदेशी पाठवताना ती वगळली गेली आणि चित्रपट ‘टू डॉटर्स’ या नावाने दोनच कथांचा झाला. रायांचे चित्रपट जगभर पाहिले गेले, पण बाहेरच्या प्रेक्षकाला हा तासाभराचा भयपट बरीच वर्षं दिसलाच नाही. बंगालबाहेरच्या आपल्या प्रेक्षकांतही तो फारसा कुणी पाहिलेला नाही.

‘मोनिहारा’वर थोडं थांबतो, कारण पुस्तकातला सगळा विचार तिथून सुरू झाला. नदीकाठच्या मोडक्या घाटावर एक शाळामास्तर शाल पांघरून बसलेल्या एका अनोळखी माणसाला गोष्ट सांगतो. व्यापारी फणिभूषण आणि त्याची बायको मणिमालिका. मोठं घर, मूलबाळ नाही, नवऱ्याचं प्रेम दागिन्यांच्या रूपाने येत राहतं आणि ती ते दागिने अंगावर आणि पेटीत साठवत राहते. व्यापारात खोट येते. नवरा आता दागिने मागणार, या धास्तीने ती माहेरच्या एका माणसाला बोलावते आणि सगळं अंगावर चढवून निघून जाते. पुन्हा दिसत नाही. नवरा परततो तो तिच्यासाठी नवा दागिना घेऊन. रात्री पावलांबरोबर दागिन्यांचा आवाज येतो, आणि शेवटी बांगड्या ल्यालेला हाडांचा हात त्या पेटीवर झेपावतो. तो हात दिसतो क्षणभरच. पण त्याआधी रायांनी आपल्याला त्या घरातल्या वस्तू इतक्या वेळ दाखवलेल्या असतात, की जिवंतपणी त्या बाईला धरून ठेवायला दुसरं काहीच नव्हतं हे पटलेलं असतं. तिचा हव्यास भयंकर आहे, आणि त्या घरात दागिन्यांखेरीज तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम पटतात, तिथे भीती वाटते. ‘तीन कन्या’पासून राय स्वतःच्या चित्रपटांना स्वतः संगीत देऊ लागले, हेही ऐकताना लक्षात ठेवावं.

दक्षिणेत १९६४ मध्ये मल्याळम ‘भार्गवी निलयम’ आला. छायालेखक ए. व्हिन्सेंट यांचं हे पहिलं दिग्दर्शन, पटकथा वैकोम मुहम्मद बशीर यांची, त्यांच्याच ‘नीलवेळिच्चम’ या कथेवरून. एक लेखक ओसाड घर भाड्याने घेतो. कळतं की इथे भार्गवी नावाच्या मुलीचं भूत आहे. तो पळून जात नाही. रिकाम्या खोलीत उभा राहून तिला आपली ओळख करून देतो, आपण कोण, काय लिहितो हे सांगतो, आणि इथे राहायची परवानगी मागतो. हळूहळू तो तिची कहाणी लिहायला घेतो आणि तिचा मृत्यू आत्महत्या नव्हती हे बाहेर येतं. भुताशी माणसाने कसं वागावं, याचा इतका सभ्य नमुना मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसलेला नाही. केरळात ओसाड, भीतिदायक घराला आजही या चित्रपटाच्या नावाने ओळखतात. २०२३ मध्ये आशिक अबू यांनी ही कथा मूळ नावाने पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा अनेकांना जुन्याचा पत्ता लागला.

मणि कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) भयपट म्हणून कुणी सांगत नाही. विजयदान देथा यांची राजस्थानी लोककथा, नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा कॅमेरा. लग्न होताच नवरा व्यापारासाठी पाच वर्षं परगावी जातो. वाटेतल्या झाडावरचं भूत नवरीच्या प्रेमात पडून नवऱ्याचं रूप घेतं. ते तिला खरं सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. जे माणसाने तिला कधी विचारलं नाही, ते भूत विचारतं. सगळं घडतं उन्हात, पांढऱ्या भिंतींसमोर. किंकाळी नाही, अंधार नाही. अमोल पालेकरांनी याच कथेवर २००५ मध्ये ‘पहेली’ केला. तो देखणा आहे आणि शेवट गोड करतो. कौलांच्या चित्रपटात त्या बाईच्या वाट्याला पुढे काय येतं ते पाहा, मग त्याला या पुस्तकात जागा का दिली ते कळेल.

एव्हाना मुंबईत रामसे कुटुंबाने आपलं दुकान मांडलं होतं. हे शब्दशः खरं आहे: फतेहचंद रामसे यांचा मूळ धंदा रेडिओचा, आधी कराचीत आणि फाळणीनंतर मुंबईत. मुलगे सात. कुणी कॅमेरा शिकला, कुणी ध्वनी, कुणी संकलन, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन धरलं. १९७० च्या त्यांच्या एका पडेल चित्रपटात मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकतात, हे मुलांनी पाहिलं आणि ठरवलं की आता फक्त हेच करायचं. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला मोजकी माणसं घेऊन उरकला. पैशासाठी मारून पुरलेला नवरा परत येतो, एवढीच गोष्ट. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांनी लहान गावांतली थिएटरं भरली. अनिरुद्ध अग्रवाल यांचा सामरी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. माझं मत असं, की यश वाढत गेलं तसं रामसेंच्या भुतांची बाजू कमी होत गेली. ते नुसते सैतान झाले, आणि त्रिशूळ उगारला की विषय संपू लागला. म्हणून इथे त्यांचा सुरुवातीचा चित्रपट सविस्तर घेतला आहे आणि गाजलेले थोडक्यात.

आणि मग ‘गहराई’. १९८० चा हा हिंदी चित्रपट मराठी माणसांनी भरलेला आहे. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. तरीही मराठी घरांत त्याचं नाव काढलं तर फार थोड्यांना आठवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बंगळुरात राहणारा एक सुस्थितीतला, व्यवहारी गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकतो. ती जमीन जिवापाड सांभाळणारा जुना गडी बसवा कोसळून पडतो. काही दिवसांनी घरातली शाळकरी मुलगी, उमा, विचित्र वागू लागते. आधी डॉक्टर, मग मांत्रिक. आणि एक दिवस ती पोर घरच्या सगळ्यांसमोर परक्या, जड आवाजात बापाला त्याच्या जुन्या पापाचा जाब विचारते. गड्याच्या बायकोचं काय झालं होतं ते सांगते.

त्या वेळचा लागूंचा चेहरा पाहण्यासारखा आहे. भुतावर विश्वास ठेवायला तो माणूस तयार नसतो, पण मुलगी बोलते आहे ते खरं आहे हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत असतं. ‘भूत आहे की नाही’ हा वाद त्या क्षणी निरर्थक होतो. जमीन कुणाची, ती कसणाऱ्याचा तिच्यावर काय हक्क, आणि बापाच्या गुन्ह्याची शिक्षा लेकीच्या अंगावर का, हे प्रश्न समोर उभे राहतात. ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये सैतान बाहेरून येतो. इथे तो घराच्या सातबाऱ्यावरून येतो. तेंडुलकरांच्या नाटकांशी ज्यांची ओळख आहे, त्यांना ही घुसमट परकी वाटणार नाही. याच चित्रपटात अमरीश पुरी यांनी केलेला मांत्रिक त्या मुलीचा जो उपयोग करू पाहतो, तो प्रसंग कुठल्याही भुतापेक्षा भयानक आहे.

इथे एका शंकेला उत्तर दिलं पाहिजे, कारण ती मराठी वाचकाच्या मनात येणारच आणि यायलाही हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे भुतांच्या सिनेमाचं कौतुक कशाला? माझं उत्तर ‘गहराई’कडे बोट दाखवून देतो. स्वतः लागू अंधश्रद्धेविरुद्ध जाहीरपणे उभे राहिलेले बुद्धिवादी होते, आणि त्यांनी ही भूमिका केली. चांगला भयपट मांत्रिकाची भलामण करत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, म्हणून तो त्याला मेल्यावर बोलू देतो. भूत ही तिथे गोष्ट सांगायची रीत आहे. भोंदूगिरीला बळ देणारे चित्रपटही आहेत. ते मी पाहिले आणि बाजूला ठेवले.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘रात’ने (१९९२) भूत हवेलीतून काढून मध्यमवर्गीय भाड्याच्या घरात आणलं. रेवती मुलगी, रोहिणी हट्टंगडी आई, ओम पुरी मांत्रिक. रिकाम्या जागांतून कॅमेराच पाठलाग करत सुटतो, असं हिंदी प्रेक्षकाने तोवर क्वचितच पाहिलं होतं. तीस वर्षांनी हीच रेवती मल्याळम ‘भूतकालम’मध्ये (२०२२) आई होऊन आली. नैराश्याने खचलेली आई, नोकरी नसलेला मुलगा आणि भाड्याचं घर. घरात काही आहे की या दोघांच्या मनात, हे दिग्दर्शक राहुल सदाशिवन बराच वेळ कळू देत नाहीत. त्या भूमिकेसाठी रेवतीला केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. मधल्या काळात आलेले ‘१३ बी’ (२००९) आणि ‘एक थी डायन’ (२०१३) हेही निसटलेलेच. ‘१३ बी’मध्ये घरातल्या बायका रोज जी मालिका पाहतात, तीत याच घरात घडणाऱ्या गोष्टी घडू लागतात. संध्याकाळी टीव्हीसमोर बसणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला ती कल्पना झोंबेल.

आसामीतला भास्कर हजारिका यांचा ‘कोथानोदी’ (२०१५) वेगळ्याच प्रदेशात नेतो. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आजीच्या गोष्टी, ज्या आसामात मुलांना झोपवताना सांगतात, त्यांतल्या चार गोष्टी इथे एकमेकींत गुंफल्या आहेत. एक आई सोन्याच्या आशेने मुलीचं लग्न अजगराशी लावते. एका बाईच्या पोटी फळ जन्मतं आणि ते तिच्या मागे मागे घरंगळत फिरतं. सावत्र आई पोरीला ढेकीत कांडते. सीमा बिस्वास आणि आदिल हुसेन त्यात आहेत. लोककथेतली क्रूरता सौम्य न करता तशीच ठेवली, की ती किती जड होते ते इथे कळतं.

आता आपल्याकडे. मराठी वाचकाला भयकथा नवी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी पिढ्याच्या पिढ्या रात्री दिवा लावून झोपायला लावल्या. पण मराठी पडद्यावर भूत आलं ते बहुतेक हसवायला: ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४). अपवाद वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) याचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, सुधीर मोघे यांची गीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाणी घराघरांत राहिली आणि चित्रपट मागे पडला. त्यानंतर खऱ्या अर्थाने वाट पाहावी लागली ती विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ची (२०१७). गरोदर पूजा सावंत, तिला आसरा देणाऱ्या उषा नाईक, आणि चहूबाजूंनी ऊस. उसाच्या फडात भर दिवसा वाट सापडत नाही, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला वेगळ्या भुताची गरज नाही. आणि तिथली भुतं लहान मुलांची आहेत, कारण त्या गावाने आपल्या लेकींचं काय केलं ते कुणी बोलत नाही. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) ज्यांनी पाहिला, त्यांनी मूळ मराठी जरूर पाहावा.

‘तुंबाड’ला (२०१८) दुर्लक्षित म्हणावं का, यावर मी बराच विचार केला. पहिल्या प्रदर्शनात तो थिएटरात फार लोकांनी पाहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. धारपांच्या कथेची प्रेरणा, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं नाव आणि कोकणातला न थांबणारा पाऊस, असं सगळं इथलं असूनही राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट हिंदीत झाला. या पुन:प्रदर्शनामुळेच हे पुस्तक आज लिहावंसं वाटलं. ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री’चा दुसरा भाग त्याच वर्षी आले, ‘भ्रमयुगम’ कृष्णधवल असूनही चालला. एक मोठा तरुण वर्ग आता भीतीचा सिनेमा आवडीने पाहतो आहे, मल्याळम आणि आसामी उपशीर्षकं लावून पाहतो आहे. पण त्याच्या लेखी हा इतिहास ‘तुंबाड’पासून सुरू होतो. ‘मोनिहारा’तली दागिन्यांची पेटी आणि ‘तुंबाड’मधली सोन्याची मुद्रा यांच्यामध्ये जे काही आहे, ते त्याच्यापर्यंत पोचवायचं आहे.

यात सगळे भयपट नाहीत. कोश करायचा हेतू नव्हता. ‘मणिचित्रताळ’सारखा थोर चित्रपट इथे फक्त उल्लेखापुरता आहे, कारण त्याच्यावर आणि त्याच्या पुनर्निर्मितींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. प्रत्येक लेखात मी तीन गोष्टी पाहिल्या आहेत: भुताची तक्रार काय, ती ऐकायला कोण तयार नाही, आणि दिग्दर्शकाने ती ऐकवायला आवाज, उजेड आणि जागा कशी वापरली. तंत्राबद्दल जिथे लिहिलं आहे तिथे एकेक दृश्य घेऊन लिहिलं आहे, म्हणजे चित्रपट थांबवून वाचकाला ताडून पाहता येईल. ज्या चित्रपटांचा शेवट आधी कळल्याने मजा जाते, त्यांचा शेवट लेखाच्या अखेरच्या भागात ठेवला आहे आणि तिथे तशी खूण केली आहे.

लेख कुठल्याही क्रमाने वाचता येतील. पण चित्रपट पाहण्याचा क्रम कुणी विचारला तर मी सांगेन: आधी ‘मोनिहारा’, मग ‘गहराई’, मग ‘लपाछपी’. दागिने, जमीन आणि लेकी, या क्रमाने. त्यानंतर ‘दुविधा’ घ्यावा, तो भीती वाटावी म्हणून नव्हे तर या तिन्हींमधल्या बायकांना कुणी काही विचारलं असतं तर काय झालं असतं ते पाहण्यासाठी. ‘कोथानोदी’ लहान मुलं झोपल्यावर. आणि ‘भार्गवी निलयम’ मोबाइलवर पाहू नये, त्यातल्या काळ्या रंगाला मोठा पडदा लागतो.